सिरिलने लिंपलेलं खाणीचं तोंड

जे सांगतेय ते घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणा. तसं म्हणणारे आमच्या गावात आधीच पुष्कळ आहेत.

पण मी तिथे होते. शुद्धीत होते. हातात रंगाचा ब्रश होता.

मागच्या नोव्हेंबरातला शनिवार. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा. जागा... पेनसिल्व्हेनियातल्या बेकर्स रन गावात माझ्या धाकट्या भावाचं, सिरिल हुडाकचं घर. त्या घराचं तळघर.

वेळ भर दुपारची. बाहेर लख्ख ऊन होतं. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तळघरात सिरिलची रेल्वे होती. तीन भिंतींना लागून टेबलं, त्यावर वीतभर लांबीची इंजिनं, पूल, कोळशाच्या वाघिणी. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्याने आमच्या लहानपणीचं अख्खं खोरं तिथे उभं केलं होतं. खाणकामगारांना दिलेली कंपनीची घरं, चर्च, आमच्या परसातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा.

मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. म्हणून मागच्या भिंतीवरचं आभाळ माझ्याकडे. वर गडद निळं, उतरत उतरत खाली जवळजवळ पांढरं. लांबचे डोंगर राखाडी. आभाळात काळा रंग म्हणून लावायचा नाही, देखावा मरतो. माझ्या सामानात काळ्याची बाटलीच नव्हती.

हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी छोट्या रेल्वे करणाऱ्यांच्या क्लबची माणसं ती बघायला येणार होती. एकच कोपरा राहिला होता.

तीन नंबरची खाण.

आमचे बाबा त्या खाणीत गेले. मी नऊ वर्षांची होते, सिरिल चार. आत आग लागली. दुसऱ्या दिवशी कंपनीने खाणीचं तोंड विटांनी बंद केलं आणि वरून लाल माती लिंपली. हवा तोडली की आग विझते म्हणे. आतली माणसं आधीच मेलीत असं सांगितलं.

खाण पुन्हा कधी उघडली नाही. बाबा अजून आतच आहेत.

सिरिलने ते लिंपलेलं तोंडच केलं होतं. हुबेहूब. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या चिंध्या, असा त्याने पोकळ डोंगर केला. नखापेक्षा लहान विटा एकेक चिकटवल्या. आणि माती...

माती खरी होती.

या छंदातल्या लोकांना ही एक खोड असते. जागेची माती जागेलाच शोभते म्हणतात, तसा रंग विकत मिळत नाही. सिरिल जुन्या खाणीवर गेला, त्या लिंपलेल्या तोंडाचीच माती खरवडून आणली. चाळली. भाजली. विटांवर थापली आणि पातळ गोंदाने पक्की केली.

लोरेन, त्याची बायको, जिन्यावरूनच ओरडली होती.

"विल्माताई, सांगा तुमच्या भावाला काहीतरी. माझ्या ओव्हनमध्ये माती भाजली त्याने."

"अगं, किडे मरायला हवेत ना," सिरिल म्हणाला. "नाहीतर डोंगरावर बुरशी येते."

"किडे मेले. माझी भूकही मेली. आता जेवायला कोबी-शेवयांच्या हलुश्की केल्यात, त्यावर तुझी मातीच भुरभुरते."

आम्ही हसलो. ती वर गेली. त्या घरातलं आमचं ते शेवटचं हसणं.

मी खाणीमागच्या डोंगरांना शेवटचा हात देत होते. सिरिल टेबलाच्या कडेला बसून गोंदात भिजवलेली माती पसरत होता. खाणीपासून कंपनीच्या घरांपर्यंतचा रस्ता तेवढा राहिला होता.

"ताई, बघ. तशीच दिसते की नाही?"

"दिसते. म्हणूनच सांगते, त्यापुढे चार झाडं लाव. बघवत नाही मला."

"झाडं कुठे होती तिथे?"

"नव्हती. पण तुला कोण विचारायला येणार आहे?"

तो काही बोलणार होता. इतक्यात...

टक्. टक्. टक्.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"प्लास्टर वाळतंय," मी म्हटलं. "तडकत असेल."

"कधीच वाळलंय ते, ताई."

पुन्हा आवाज. टक्. टक्. टक्.

डोंगरातून येत होता.

मी वाकून बघितलं. खाणीच्या तोंडाशी गेलेल्या काडीएवढ्या रुळावर बोट ठेवलं. वीज बंद होती, एकही गाडी चालू नव्हती. तरी रूळ थरथरत होता.

आणि ठोकणारा एक नव्हता. एकाच्या आवाजावर दुसरा, त्यावर तिसरा. बरेच जण होते.



आमच्याकडे खाणीतला एक नियम होता, तो पोरासोरांनाही पाठ असायचा. आत अडकलेल्याने रुळावर ठोकायचं. बाहेर ज्याला ऐकू येईल त्याने उलट ठोकायचं. म्हणजे आतल्यांना कळतं, कुणीतरी आहे, खणताहेत, थांबायचं. आणि एकदा उलट ठोकलं की घरी जायचं नाही. माणूस बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही.

आई मरेपर्यंत एकच सांगायची. तोंड लिंपत होते तेव्हा रूळ वाजत होते.

कंपनीचा माणूस म्हणाला, बाई, आगीने लोखंड तापलंय, ते वाजणारच. आईने दगड उचलला होता, पण तिला रुळावर मारू दिला नाही. दोघांनी धरून बाजूला नेली. उत्तर दिलं असतं तर खणावं लागलं असतं ना.

हे सगळं सिरिललाही माहीत होतं. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"मी त्यांना परत लिंपलं, ताई," तो म्हणाला. "त्याच मातीने."

"वेड्यासारखं बोलू नकोस. चल वर. जेवण गार होतंय."

त्याने खिळे ठोकायची छोटी हातोडी उचलली.

"सिरिल. ठेव ती खाली."

"बाबा आहेत आत."

"बाबांना जाऊन साठ वर्षं झाली."

"मग हे कोण ठोकतंय?"

मी हातोडी घ्यायला हात पुढे केला.

त्याने रुळावर तीनदा ठोकलं.

सगळं शांत झालं... इतकं शांत, की वर लोरेनच्या चमच्याचा आवाज ऐकू आला.

आणि मग सगळे एकदम ठोकायला लागले.

टेबल हादरलं. वाळल्या गवताची झाडं आडवी झाली. चर्चचा मनोरा कलंडला. आवाज घाईचा होता. आनंदाचा होता, देवाशप्पथ. कुणीतरी ऐकलं म्हणून वेडी झालेली माणसं अशीच ठोकत असतील.

माझी नजर भिंतीवर गेली.

आभाळ काळं होत होतं.

माझ्या राखाडी डोंगरांच्या मागून धूर चढावा तसा काळा रंग वर चढत होता. मी ब्रश फिरवला, ब्रशला काही लागलं नाही. भिंत कोरडी होती. काळं आतून येत होतं.

कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब आहे. त्याची निळी ज्योत इवलीशी झाली... आणि विझली.

खाणकामगाराच्या मुलीला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या हवेत ज्योत विझते, तिच्यात माणूसही विझतो. त्या हवेला वास नसतो.

"सिरिल, हवा गेली. वर चल."

"उत्तर दिलंय मी. आता कसा जाऊ?"

तो नखांनी माती उकरत होता. मी त्याची बंडी धरून ओढली. हलेना. पाचवीला पुजलेला हट्टीपणा त्याचा. माझे कान वाजायला लागले, पाय गळाले. मी त्याला शिव्या दिल्या, आईची शपथ घातली, शेवटी हात जोडले.

त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"लोरेनला सांग, जेवून घे," एवढंच म्हणाला.

मी गुडघ्यांवर रांगत जिना चढले. लोरेनने अग्निशमनवाल्यांना फोन केला. ते लगेच आले, आमचं गाव केवढंसं. सिरिलला त्यांनी बाहेर काढून परसातल्या उन्हात ठेवलं.

तो गेला होता. नखांत लाल माती होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वय झालं होतं. त्या लोकांनी यंत्र लावून तळघरातली हवा तपासली. हवा स्वच्छ निघाली. बंब पेटलेला होता. मी ज्योत विझल्याचं सांगितलं, तेव्हा एका पोराने माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि हळूच पलीकडे बघितलं.

संध्याकाळी मी एकटी खाली गेले. का गेले, माहीत नाही.

आभाळ होतं तसं निळं होतं.

खाणीचं तोंड उघडं होतं. विटा बाहेरच्या बाजूला पडल्या होत्या. विजेरी लावून आत बघितलं. आत पुठ्ठ्याची जाळी. बाकी पोकळ.

मग रस्त्याकडे बघितलं. सिरिलने गोंदात भिजवलेली माती पसरली होती ना...

तिच्यावर पावलं होती. तिळाएवढी. पुष्कळ माणसांची. खाणीतून निघून रुळाच्या कडेने कंपनीच्या घरांपर्यंत गेलेली. प्रत्येक घराच्या दाराशी एकेक जोडी वळली होती.

आमच्याही दाराशी.

मी तिथेच खाली बसून रडले. भीती होती. आणखीही काहीतरी होतं. बाबा घरी आले होते.

मी लोरेनला काही बोलले नाही. तिने तळघराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाली, मला ठेवायची नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती कुणाला सांगितली नसती.

जानेवारीत लोरेनचा फोन आला. भर सकाळी.

"विल्माताई, इकडे या. लगेच या."

ती स्वयंपाकघरात उभी होती. पायात बूट, अंगात कोट. जमिनीकडे बोट दाखवत होती.

टक्. टक्. टक्.

मी कुलूप काढलं. खाली गेले. दिवा लावला.

खाणीचं तोंड बंद होतं.

विटा रांगेत होत्या. वर लाल माती लिंपलेली, कोरडीठाक. किल्ली दोन महिने माझ्या गळ्यात होती. आत कुणी गेलं नव्हतं.

मी रुळावर बोट ठेवलं. थरथर होती. मी खूप वेळ ऐकलं. एकाच्या आवाजावर दुसरा आवाज नव्हता.

ठोकणारा आता एकच होता.

लोरेन घर विकायला निघाली आहे. मला म्हणते, तुमच्या पाया पडते, उत्तर देऊ नका. तुम्ही गेलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

मी उत्तर दिलेलं नाही. अजून तरी नाही. ती बहिणीकडे राहायला गेली. मी मात्र रोज दुपारी जाते, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसते आणि ऐकते.

दिवसेंदिवस आवाज हळू होतोय.

माझा धाकटा भाऊ आहे तो. आणि बाहेर कुणी ऐकतंय, हे त्याला माहीत नाही.