समईच्या तळाचा अंगठा

आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे यात अधर्म नाही. राजांनी देवळे बांधवावीत आणि पाथरवटांनी ती बांधावीत, ही रीत पुरातनच आहे. परंतु एकाने घडवलेल्या वस्तूवर दुसऱ्याने आपले नाव ठोकावे आणि घडवणाऱ्याची खूण खरवडून टाकावी, असे जेव्हा होते, तेव्हा त्या खरवडलेल्या जागी काय उरते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो करण्याची पाळी कुंडलच्या विजयमालेवर आली, तीही ऐन विसाव्या वर्षी.

१९७४ सालचा मार्गशीर्ष होता. कुपवाडच्या ज्या कारखान्यात ती कामाला जाई, त्याचे मालक गोपाळकृष्णपंत यांच्याकडे नक्षीदार मोरसमयांची मोठी मागणी आली होती. त्यांच्याकडे साध्या समया उत्तम होत. परंतु मोराच्या पिसाऱ्यातली बारीक रेघ काही साधेना. म्हणून पंतांनी नेपाळातल्या पाटण गावी हर्षमान नावाच्या वृद्ध ओताऱ्याशी करार केला. समया तिकडे घडायच्या, रक्सौलवरून मिरजेला यायच्या, आणि कुपवाडला कारखान्याचे नाव लेवून सातारा-वाईच्या दुकानांत जायच्या. करारात एक कलम स्पष्ट होते : समईवर अन्य कोणाचीही खूण राहता कामा नये.

विजयमालेचे काम ती खूण पुसण्याचे. पहिल्याच खेपेत तिच्या ध्यानात आले, की प्रत्येक समईच्या बैठकीखाली, आतल्या अंगाला, एक अंगठा उमटलेला आहे. रेघन् रेघ स्पष्ट. तिने कानस उचलली...

“हळू, बाई. माझाच हाय त्यो.”

ती दचकली. दारात, पाटणहून पेट्यांबरोबर आलेला एक उंच तरुण उभा होता. अंगात जाड लोकरीची बंडी, आणि बोली मात्र अगदी घरची.

“तुमचा? पेटी तर नेपाळची हाय.”

“पेटी नेपाळची, मी कडेगावचा. नाथाजी. बा गलाईला गेला तवापास्नं आमी पाटणलाच.”

“पाटण तर आमच्या साताऱ्यातबी हाय. तिथनं आला असता तर भाडं वाचलं असतं!”

तो मोकळा हसला. सोने-चांदी गाळण्यासाठी आपल्याकडची माणसे मुलूखभर पसरली आहेत, त्यांतलाच हा एक. हर्षमानकडे तो मेणकाम शिकला होता. आधी मेणाची समई करायची, तिच्यावर मातीचे लेपण चढवायचे, आच देऊन मेण वितळू द्यायचे आणि त्या पोकळीत पितळ ओतायचे. मेणावर जे उमटले, ते पितळेत उतरलेच. “मेण इसरत न्हाई,” तो म्हणाला.

“पण कलम हाय. मला घासावं लागंल.”

“मग असं करू. मी तिथनं उठवतो, तुमी हितं पुसा. बघू कोण आदी दमतंय.”

“मी न्हाई दमायची.”

“मग म्या मेलो म्हणायचं!” आणि जाता जाता उंबऱ्यावर थांबून तो हलकेच बोलला, “जेष्ठात करार सरंल. तवा येतो... कुंडलला. तुमच्या वडलांस्नी इचारायला.”

तिने मान वर केली नाही. कानस मात्र त्या दिवशी पुन्हा फिरली नाही.

पुढे दर महिन्याला खेप येत राहिली, आणि या दोघांचे एक अबोल संभाषण सुरू झाले. अंगठा कधी कलता असे, कधी काठाशी लपलेला असे. एकदा तर मोराच्या पायाखाली सापडला, तेव्हा ती एकटीच हसली. तिचे उत्तर जाई ते पाटणला परत जाणाऱ्या नापास मालाच्या पेटीतून. प्रत्येक नापास समईबरोबर दोषाची चिठ्ठी लागे. “दोष : मोराची मान गर्विष्ठ,” असे ती लिही, आणि पेटीवरच्या लाखेत आपला अंगठा दाबून मोहोर करी. लहानपणी विळा लागल्याचा वण त्यात आडवा उमटे.

वैशाखातल्या खेपेत त्याच्या खोलगट ठशाशेजारी दुसरा एक ठसा होता : नाजूक, उंचावलेला, आडव्या वणाचा. लाखेवरून तिचा अंगठा त्याने मेणात उतरवून घेतला होता. ते दोन्ही पुसताना तिचा हात प्रथमच जड झाला.

ज्येष्ठ आला, नाथाजी आला नाही. आषाढात कारखान्यात तार आली : नाथाजी भट्टीवर दगावला.

कोणाला सांगावे, असे तिच्यापाशी काही नव्हते. साखरपुडा नव्हता, पत्र नव्हते. होते ते सगळे तिने स्वतःच्या हाताने घासून टाकलेले. पंतांनी करार वर्षभर वाढवला. वडील हंबीरराव, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, त्यांनी साताऱ्याचे स्थळ पाहिले. “माघापातुर त्यास्नी सबूद द्यायचाय, माले,” ते म्हणाले.

तारेनंतर आलेल्या समयांचे तळ कोरेच होते. श्रावणात नापास पेटीवर मोहोर करताना लाख अजून उकळती होती. तिने अंगठा दाबला, आणि चटका कळायलाही तिला उशीर लागला. फोड आला, फुटला, आणि विळ्याच्या वणावर चंद्रकोरीसारखा एक डाग कायमचा बसला.

आश्विनातली खेप तिने सकाळच्या उन्हात, अंगणात उघडली. पेंढ्यातून पहिली समई काढली, पालथी केली... आणि तिचे बोट जागीच थिजले. पितळ गार होते; परंतु तळाशी एका जागी ऊब होती, माणसाच्या तळव्याला असते तशी. तिथे नाथाजीचा अंगठा होता. शेजारी तिचा होता. आणि त्यावर चंद्रकोर होती.

तिने दुसरी पाहिली. तिसरी. सगळ्याच तशा.

गोपाळकृष्णपंत चष्मा पुशीत म्हणाले, “अगं, त्याने हयातीतच मेण करून ठेवले असेल. ते आता ओतले, इतकेच.”

तिने आपला अंगठा त्यांच्यासमोर धरला. “ह्यो डाग श्रावणातला हाय, पंत. तार आषाढातली. मग ह्या मेणाला हात लावला कुणी?”

पंत बराच वेळ त्या अंगठ्याकडे आणि त्या समईकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग त्यांनी समई हलकेच, एखादे झोपलेले मूल ठेवावे तशी, पेंढ्यावर ठेवली.

“घासून टाक,” ते म्हणाले. पण त्यांचा आवाज मालकाचा राहिला नव्हता.

तिने घासले. सायंकाळी तळ गुळगुळीत झाला, नाव ठोकले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तळावर, नावाच्या अक्षरांखालून, अंगठ्याच्या रेघा पुन्हा दिसू लागल्या होत्या. पाण्याखालून वाळू दिसावी तशा.

तिला भय वाटले नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याचे भय वाटावे त्याचीच ओढ वाटत असेल, तर माणसाने काय करावे? तिने एक समई नापास केली आणि चिठ्ठी लिहिली : “दोष : घडवणारा समोर नाही.”

पंतांनी ती वाचली. त्यांनी खाली सही केली.

पौषातल्या एका दुपारी कारखान्याच्या दाराशी कोणीतरी उभे राहिले. लोकरीची बंडी, उजवा हात शालीत गुंडाळलेला. विजयमालेने आधी जमिनीकडे पाहिले. सावली पडली होती.

“जित्ता हाईसा न्हवं?” तिने विचारले.

“हाय.”

“मग तार?”

“मीच सांगितली धाडायला.” त्याने शाल बाजूला केली. उजव्या हाताला अंगठा नव्हता. “जेष्ठात साचा फुटला. रस हातावर आला... कापावा लागला. मेण वळायला अंगठा लागतो, बाई. म्हटलं, ज्याचा अंगठाच न्हाई त्यानं कुंडलच्या सुभेदाराच्या दारात काय तोंड घिऊन जायचं? त्यापरास मेलेलाच बरा.”

तिचे डोळे भरले. शब्द मात्र धारदार निघाले. “लगीन व्हायच्या आदीच मला सुतकात बसीवलंत व्हय! दुसऱ्या कुणाला ही करामत सुचली नसती.”

“चुकलो.”

“चुकलो म्हणं! आन् अंगठ्याचं काय? दर खेपेला येत व्हता त्यो?”

नाथाजीने शाल पुन्हा हातावर ओढली. “त्येच सांगाय आलोय. दोन महिनं मी खाटल्यावर व्हतो. उठल्यावरबी मेणाला हात न्हाई लावला. दुसरा गडी मेण करायचा, सांजच्याला कोऱ्या समया फळीवर मांडायचा, आन् भादव्यापास्नं सकाळी तळाला बघावं तर माझा अंगठा, संगं तुमचा. हर्षमान म्हातारा दाराला कुलूप लावून बघत बसला. तरी उमटायचाच. तुमची चिठ्ठी आली, त्या दिशी मातर फळीवरचं मेण कोरं निघालं. म्हातारा म्हणाला, ‘तुझं काम माझ्या घरातनं उठलं. आता तू ऊठ.’”

तिने काही न बोलता त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. जिथे अंगठा नव्हता त्या जागी तिला तीच ऊब लागली, जी तिने आश्विनातल्या उन्हात पितळेवर अनुभवली होती. अंगावर काटा आला. हात मात्र तिने सोडला नाही.

“साताऱ्याचं स्थळ हाय मला,” ती म्हणाली. “माघापातुर सबूद द्यायचाय.”

“मग?”

“मग काय? आज पौष हाय. कुंडलची यष्टी चारला सुटती. बसायचं का हितंच हुबं ऱ्हायचं?”

हंबीररावांनी ओसरीवर सगळे ऐकून घेतले. त्यांची नजर पाहुण्याच्या हातावर राहिली.

“मेल्याची तार केलीस ती चूक,” ते शेवटी म्हणाले. “हाताचं म्हणशील तर आमच्या पलटणीत ह्याच्याहून लय कमी घिऊन माणसं घरला आली, आन् त्येंनी शेतं पिकवली, पोरं वाढवली. पर पुन्यांदा खोटं बोलशील तर म्या सवता तार करीन, आन् ती खरी आसंल.” मग आत वळून म्हणाले, “च्या टाका. सातारकरास्नी म्या कळीवतो.”

गोपाळकृष्णपंतांनी करारातले ते कलम पुढच्या वर्षी काढून टाकले. त्यानंतर पाटणहून आलेल्या समयांच्या तळाशी दुसऱ्या कोणा कारागिराचा अंगठा असे, थंड आणि साधा. आणि कुपवाडला तो कोणी घासत नसे. नाथाजी डाव्या हाताने मेण वळायला शिकला. त्याला तीन वर्षे लागली. त्या महिन्यांत फळीवर कोण येऊन जात होते, याचा उलगडा या दोघांनी केला नाही, आणि आपणही करू नये. काही गोष्टींसमोर हात जोडावेत, एवढेच बरे.

त्या दोघांचा संसार सुखाचा होवो. वृद्ध हर्षमानाला शांत झोप लाभो. आणि जे हात दूरदेशी, आपल्याला न दिसता, आपल्यासाठी राबतात, ते सारे हात सुखरूप राहोत.