बोर्सोकचं तेल

बालिकचीच्या रेल्वे यार्डामागच्या गॅरेजात शुक्रवारी दुपारी कामाला जिपार एकटीच होती. वडील नमाजाला गेले होते. समोर जुनी जर्मन कॅम्पर व्हॅन उभी. आत फळ्यांचा पलंग, गॅसची शेगडी, फुलाफुलांचे पडदे. इंजिन धाप लागल्यासारखं करत होतं. त्याचे फेरे मिनिटाला बाराशेवर चढायचे, सहाशेवर कोसळायचे, पुन्हा चढायचे.

"कुठून तरी जास्तीची हवा ओढतंय," ती म्हणाली. "धुरात न जळलेलं पेट्रोल बघा केवढं आहे. तपासणीत अशी पास होणार नाही, सुयुनआके."

तिने मानाने आके, दादा, म्हटलं तरी सुयुनने व्हॅनच्या दाराला लाथ घातली. "बिश्केकला पाच वर्षं फिजिक्स शिकलीस ना? मग भोक शोध. चारला निघायचंय."

चारला जिपारची थोरली बहीण बुरुल आणि तिची दोन पोरं सुयुनबरोबर सोन-कुलच्या कुरणावर निघणार होती. व्हॅन बुरुलच्या नवऱ्याची, एसेनची. एसेन हिवाळ्यात रशियाला कामाला गेला, असं त्याचा थोरला भाऊ सुयुन सांगे. त्यानंतर एकही फोन नाही. बुरुलला जायचं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात तिच्या गालावर सुयुनची चार बोटं उमटली आणि तिचं नाही म्हणणं थांबलं. तपासणीच्या कागदाशिवाय घाटातला नाका गाडी सोडत नाही. जिपारला गाडी नापासच व्हायला हवी होती. पण खोटा आकडा लिहिणं तिच्याच्याने होणारं नव्हतं.

नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं तिने प्रत्येक सांध्यावरून फिरवलं. हवा ओढल्याचा आवाज कुठेच नाही.

"धूर सोडून बघते."

धुराचं यंत्र तिने बिस्किटांच्या डब्यातून घरीच बनवलं होतं. आत तापलेल्या तारेवर तेल जळतं, धूर नळीने इंजिनात जातो आणि फट असेल तिथून बाहेर डोकावतो. तेलाची बाटली रिकामी निघाली. खिडकीत बरणी होती, सकाळी आईने बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले त्याचं उरलेलं तेल. शुक्रवारी मेलेल्यांची नावं घेऊन तळलं की तो वास त्यांना पोचतो, तेच त्यांचं जेवण. तेल ते तेल, म्हणत जिपारने ते डब्यात ओतलं.

"माझ्या गाडीला मेलेल्यांचं उष्टं पाजतेस होय गं?" सुयुन हसला.

"तुमची कुठली? दाजींची गाडी ती."

त्याचं हसू थांबलं.

तिने इंजिन बंद केलं, कार्ब्युरेटरच्या तोंडात बोळा कोंबला, पंप लावला. इंजिनावर कुठेच धूर दिसेना. पाच मिनिटं झाली. डबा रिकामा होत होता. मग तिचं लक्ष मागे गेलं. पलंगाच्या उशाकडच्या फळीतून धुराचा बारीक धागा सरळ वर चढत होता. त्या फळीखाली एकही नळी जात नव्हती. तिने हात घालून पाहिलं.

वायू मोजणाऱ्या यंत्राची नळी अजून सायलेन्सरमध्येच होती. इंजिन बंद, म्हणजे यंत्राच्या पडद्यावर साधी हवा दिसायला हवी: ऑक्सिजन एकवीस टक्के. आकडा सोळावर उतरला. कार्बन डायऑक्साइड चारवर चढला. पुन्हा एकवीस. पुन्हा सोळा.

यंत्र बिघडलं असेल. तिने नळी बाहेर काढली. एकवीस, स्थिर. नळीवर स्वतः फुंकर घातली.

सोळा आणि चार.

नळी परत आत सरकवून तिने घड्याळ धरलं. मिनिटाला पंधरा वेळा.

"काय बघतेस गं?"

"यात कुणीतरी श्वास घेतंय, आके."

सुयुनने फळीकडे पाहिलं. मोठा पाना उचलून तो आत चढला. जागा शोधावी लागली नाही. उशाकडे, एकाच ठिकाणी, त्याने तीन घाव घातले. फळी फुटली.

"तीन घावांत गेला होतास ना, कुत्र्या! तीन घावांत!"

सोळा. एकवीस. सोळा.

जिपारला कळलं. तिला कळलंय हे त्यालाही कळलं. पाना तिच्या खांद्यावर बसला, आत हाड मोडल्याचा आवाज आला. ती बंपरपाशी कोसळली. दुसरा घाव हुकून पत्र्यात घुसला.

आकडे चालूच होते. त्याने पाना टाकला, बोळा उपसला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. चालू इंजिन असंच गुदमरवतात.

"कोंड! कोंड म्हणतो ना श्वास!"

इंजिन बंद होतं.

हात सुटेना.

त्याने पाय रोवून ओढला. बोटं कडाकड मोडली. मग त्याने तोंड उघडलं. हवा आत जाईना, बाहेरच येत राहिली. ओठ निळे पडले. मान फुगली. टाचा बराच वेळ फरशीवर आपटत होत्या.

त्याला उचलून नेलं तेव्हा चार वाजत आले होते. गुदमरून, असं डॉक्टर म्हणाला. तळहातावर तेवढा एक गोल व्रण.

बुरुल दारात आली, हातात बोचकं नव्हतं. "तळणीचा वास येतोय," ती म्हणाली. "आईने आज एसेनचं नाव घेतलं होतं का गं?"

"नाही. दाजी रशियात आहेत असं म्हणत होतो ना आपण."

जिपारने डाव्या हाताने किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात चाललं, साडेआठशेवर. सगळे वायू मर्यादेत. गाडी पास होती. तिने इंजिन बंद केलं आणि घड्याळ धरलं.

मिनिटाला तीस.

पंधरा संथ होते, मघासारखेच. उरलेले पंधरा मध्ये मध्ये घुसत होते, तोकडे, घाईचे, तोंड दाबून धरलेल्या माणसासारखे.