घराच्या सुरात लावलेली गिटार

सुरुवात अगदी साधी झाली. दुपार होती, बाळ झोपलं होतं, आणि गिटारच्या नव्या तारा कधीच्या पाकिटात पडून होत्या. त्या चढवाव्यात, एवढाच बेत होता. बाळंतपणाआधी मी एका क्लासमध्ये मुलांना गिटार शिकवायचे. आता ते सुटलं होतं आणि आई म्हणून नापास कसं व्हावं याचा अभ्यास चालला होता. बाळ रडलं की काळजी, नाही रडलं की त्याहून काळजी. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघणारी जी बाई असते, ती मी.

तारा चढवल्या. नेहमीच्या सुरांत लावायला घेतल्या आणि वाटलं, तेच ते कशाला? वेगळी जुळणी करून बघू. गिटारवाले हा खेळ करतातच. एखादी तार उतरवायची, एखादी चढवायची आणि ओळखीच्या बोटांना अनोळखी गावात सोडून द्यायचं. पण सूर घ्यायचे कुठून? स्वयंपाकघरात फ्रिज घुमत होता. सगळ्यात जाड तार मी त्या घुमण्याला जुळवत गेले. जुळली, आणि मी न छेडताच थरथरायला लागली. यात भुताटकी काही नाही. सुराला सूर भेटला की तार आपोआप बोलते, हे मीच मुलांना शिकवत आले होते.

मग चटकच लागली. दुसरी तार पाण्याच्या पंपाला, तिसरी पंख्याच्या कुरकुरीला, चौथी वॉशिंग मशीनला. पाचवी, रविवारी जेवून आडव्या झालेल्या नवऱ्याच्या घोरण्याला. आणि सहावी, सगळ्यात बारीक, बाळाच्या रडण्याला. कपडे वाळत घालायला मी बाल्कनीत गेले आणि ते रडलं तर? तार वाजेल, मला कळेल. रडणं ऐकू येणार नाही पण तार मात्र येईल, हा हिशेब कुठल्या शहाणीने केला ते विचारू नका.

सगळ्या तारा एकदम छेडल्या तेव्हा जे वाजलं ते सुंदर नव्हतं. पण ते आमचं घर होतं, हुबेहूब. मी ते रोज वाजवायला लागले.

पहिल्यांदा फ्रिज गप्प झाला.

"बंद पडला का गं हा?" नवऱ्याने दार उघडून हात आत घातला. "नाही की. चांगला गार आहे. शहाणा झाला म्हणायचं!"

मग पंप. पाणी वर चढत होतं, आवाज नव्हता. पंखा फिरायचा, कुरकुर नाही. मशीन कपडे पिळायचं, मुकाट. त्या रविवारी नवरा छाती वरखाली करत गाढ झोपला आणि त्याच्या घशातून हूं की चूं आलं नाही. उठल्यावर मी सांगितलं तर म्हणतो, "मी घोरतच नव्हतो कधी. तूच बदनामी करत होतीस."

मी हसले. खोटं कशाला बोलू, मला ती शांतता आवडली होती. किती महिन्यांनी दुपारी माझा डोळा लागला. त्या झोपेत एकदाही मनात आलं नाही, की आता एकच तार उरली आहे.

जाग आली ती तारेच्या आवाजाने. हॉलमधून, भिंतीवर टांगलेल्या गिटारमधून बारीक, तुटक आवाज येत होता. मध्येच थांबायचा, कढ यावा तसा पुन्हा फुटायचा. मी पाळण्याकडे धावले. बाळाचा चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंड टाळूपर्यंत उघडं...

आणि त्या तोंडातून काहीच येत नव्हतं.

डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सगळं ठीक. "मुलं उशिरा बोलतात, आई. तुम्ही फार विचार करता."

"बोलण्याचं नाही हो. रडण्याचं म्हणतेय मी."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. बायको जरा अशीच आहे ना, असं विचारावं तसं.

घरी येऊन मी त्याला सगळं सांगितलं. "तुला झोपेची गरज आहे," एवढंच म्हणाला. मी बाळाला मांडीवर घेतलं आणि पोटाला गुदगुल्या केल्या. बाळ बोळकं पसरून हसलं. भिंतीवरची बारीक तार खिदळली. नवरा खुर्चीत बसला. त्यानंतर त्याने विनोद केलेला मला आठवत नाही.

"ढिली कर ती तार," थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला. "सैल सोड. आवाज परत येईल त्याचा."

मलाही तेच सुचलं होतं. पण मी भित्री, आणि आयुष्यात पहिल्यांदा भित्रेपणा माझ्या कामी आला. म्हटलं, आधी फ्रिजची तार सोडून बघू. खुंटी फिरवली. तार उतरत गेली, लोळागोळा झाली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात कान देऊन उभे राहिलो. फ्रिज घुमला नाही. आतला दिवा मालवला. संध्याकाळपर्यंत खालून पाणी वाहायला लागलं.

दुरुस्तीवाल्याने मागची जाळी काढली, टकटक केलं. "वहिनी, यात जीव नाही उरला. नवीनच घ्या."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग पाचव्या तारेकडे. मग सहाव्या. त्यानंतर आम्ही खुंट्यांना हात लावला नाही. आधी गिटार खिळ्यावरून निसटेल अशी भीती, म्हणून ती खाली उतरवून कोपऱ्यात गादीवर ठेवली. पण तार आपोआपही उतरते. उन्हाने, थंडीने, नुसत्या वयाने. लोखंडच ते, गंजतं. तिला मी रोज कोरड्या फडक्याने पुसायचे. ज्या दिवशी ती तुटेल त्या दिवसाच्या पुढे माझं डोकं जातच नव्हतं.

बाळ रांगायला लागलं, मग धरून चालायला. आम्ही कितीही अडवलं तरी ते गिटारपाशीच जाऊन बसायचं. स्वतःच्या आवाजाजवळ, दुसरं काय. कुणाच्या मुलाला असं परक्याच्या घरी जाऊन बोलावं लागत असेल?

एका दुपारी मी बघितलं, त्याने सैल पडलेल्या जाड तारेची खुंटी धरली होती. फिरवायचा. तार छेडायचा. मान तिरकी करून ऐकायचा, अगदी मी करते तसा. मग माझ्याकडे बघायचा.

"सोनू, नको... सोड ते."

त्याचे डोळे चमकले. खुंटी किंचित फिरली. तार माझ्या आवाजाच्या जवळ आली.

तेव्हा मला कळलं. मी तोंडावर हात दाबला. गप्प राहणं एवढंच करायचं होतं. तो वाट बघत बसला. पुन्हा छेडली, पुन्हा बघितलं. ओठ थरथरले, डोळे भरले, आणि बारीक तार एकटीच रडायला लागली. माझं मूल त्या लाकडी पेटीत एकटं होतं आणि मला हाक मारत होतं. मी काठावर उभी राहून बघत होते.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तोंडावरचा हात काढला आणि त्याला सूर दिला. एकच, लांब, श्वास पुरेल तेवढा, त्याची तार येऊन मिळेपर्यंत. "बा...ळा..." आणि शेवटच्या आकारात माझा आवाज माझ्यातून निघून गेला. जिना उतरावा इतका सहज.

वाटलं होतं, निदान आता आम्ही दोघं एका ठिकाणी असू.

काल मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. हॉलमधून माझा आवाज आला. खालच्या पट्टीत, लाडाने, काहीतरी गुपित सांगितल्यासारखा. मग बारीक तार खुदकन हसली. मी ओठ हलवले नव्हते. काही सांगावं असं मनातही आलं नव्हतं. शब्द कळेनात म्हणून अनवाणी, भिंतीला धरून दारापर्यंत गेले.

मी दारात आले आणि दोघंही गप्प झाले. बाळाने मान वळवून माझ्याकडे बघितलं, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.