डाव्या बाजूचा कापूस

रेडिएशन संपून काही महिने झाले होते आणि मला कोरडा खोकला लागला होता, म्हणून फुफ्फुसाचा सीटी स्कॅन काढला. लेकीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. नवऱ्याची सकाळची पाळी. तेव्हा तीही माझ्याबरोबर, बिस्किटाचा पुडा छातीशी धरून.

गाठ डाव्या स्तनात होती. तिथे किरण देताना मागचं फुफ्फुस थोडं पोळतंच, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. किती पोळलं हे मोजायची त्यांची पद्धत मला आवडायची. इजा झालेल्या भागाभोवती पडद्यावर रेघ मारायची. एकदा त्यांनी, एकदा मोजणीवाल्यांनी, एकमेकांची न बघता. रेघा जुळल्या की आकडा पक्का.

मोजणीवाले म्हणजे किरणांचा हिशोब बघणारे तिथले फिजिसिस्ट. आम्ही पेशंट मंडळी त्यांना असंच म्हणायचो. "जमीन मोजणं सोपं हो वहिनी," ते म्हणायचे, "ती मेली श्वास घेत नाही."

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रेघ मारली. मोजणीवाल्यांनी मारलीच नाही.

"विसरलात?" बाईंनी विचारलं.

"काय विसरलो? स्वच्छ आहे की फुफ्फुस."

"अहो, मग हे काय?" बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

ते चष्मा पुसून पुढे वाकले. "मॅडम, थट्टा करताय का गरिबाची?"

मला तर दिसत होता. काळ्या फुफ्फुसात, वरच्या बाजूला, पांढुरका डाग, कडा पिंजलेल्या. माझ्या कडेवरून लेक ओरडली, "आई, कापूस!"

कोणीच हसलं नाही.

डाग खरा असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होणार, माझी प्रतिकारशक्ती उतरणार, आणि बालवाडीतून रोज नवी सर्दी आणणारी ही पोर काही आठवडे मावशीकडे जाणार. रेघा जुळेपर्यंत बाई गोळ्या देणार नव्हत्या. "पुन्हा सीटी करू," त्या म्हणाल्या. "तोवर हिला जवळ झोपवू नका. माझं मन मानत नाही."

मी मान हलवली आणि घरी येऊन मोजणीवाल्यांवर विश्वास ठेवला. दोन शिकलेली माणसं. त्यातल्या एकाचं मला सोयीचं होतं, ते मी उचललं. लेक रोज माझ्या डाव्या कुशीत झोपली, छातीला गाल लावून. पण डोकं काही गप्प बसेना. चष्मा पुसूनही माणसाला एवढा डाग दिसत नाही? की नसलेला डाग आम्हा तिघींनाच दिसला? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तुला ना, आहेत त्या काळज्या पुरत नाहीत."

दुसऱ्या सीटीच्या वेळी मोजणीवाल्यांची खुर्ची रिकामी होती.

"रजेवर आहेत?"

बाईंनी दार लोटून घेतलं. "खोकत होते. मीच त्यांना सीटी काढायला लावला."

"मग?"

"डाग आहे. डाव्या फुफ्फुसात, वर. त्यांना उभ्या जन्मात रेडिएशन दिलेलं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमची रेघ त्यावर ठेवून पाहिली. जुळली."

"ते काय म्हणाले?"

"त्यांना दिसतच नाहीये. स्वतःचाही."

मग माझा सीटी पडद्यावर आला. डाग तिथेच होता, थोडा वाढलेला. तो दिसला म्हणून मला हायसं वाटलं. हे वाटणं किती विचित्र आहे ते कळेपर्यंत मी लेकीला मांडीवर घेतलं होतं.

"बाळा, कापूस कुठाय? दाखव बघू."

तिने पडदा वरपासून खालपर्यंत बघितला. मग माझ्या तोंडाकडे.

"दाखव ना."

बाईंचा हात माउसवर तसाच थांबला होता.

"तू लपवलास," लेक हसून म्हणाली, आणि मांडीवरून उतरून पडद्याच्या मागे शोधायला गेली.