मसुऱ्याची पहिली श्रोती

मी दार ढकललं, त्याच क्षणी त्याने ते आतून ओढलं… आणि मी थेट त्याच्या हातातल्या वह्यांवर जाऊन आदळले! गाणी लावणाऱ्या मालवणच्या छोट्याशा रेडिओ केंद्राचा पाच वर्षांचा इतिहास जमिनीवर पसरला.

"लागला काय गो?" त्याने विचारलं. हा गुरुदास, इथला निवेदक. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला… पण कुठे, आठवेना.

केंद्रप्रमुख आनंदीबाईंनी मला वर्धापनदिनाची पुस्तिका लिहायला बोलावलं होतं. "आधी आपली पहिली श्रोती शोध. रविवारी तिचा सत्कार करायचाय." मी फरमाईशीची सर्वांत जुनी वही उचलली. पहिल्याच ओळीत लिहिलेलं – 'समीक्षा, मसुरे.'

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. समीक्षा, मसुरे म्हणजे मी! आणि मी तर उभ्या जन्मात इथे फोन केला नव्हता. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मीच. त्याच्या पुढेही. चौदा शुक्रवार!

"ही कोण?" मी विचारलं.

"आसा एक चेडू," तो गालात हसला. "राग तेच्या नाकार. पण दिसता बरा."

गाडीवरून येताना तोंडाला बांधलेला स्कार्फ मी ओढून काढला. "तेचा नाव माजा आसा!"

उरलेली वहीही त्याच्या हातून पडली. "जत्रेतला…" तो पुटपुटला, आणि मला तो आवाज आठवला. पाच वर्षांपूर्वीची आंगणेवाडीची जत्रा, भोंग्यावरून सूचना – 'मसुऱ्याची समीक्षा, असशील तिथून मंडपाजवळ ये. तुझे बाबा वाट बघतायत.' गर्दीत हरवले होते बाबा, आणि सूचना माझ्या नावाची! मी तरातरा जाऊन माईकवाल्यावर खेकसले होते, "मी खंय हरवलंय? माजो बापूस हरवलो!"

"मगे हय रेडिओ सुरू झालो," गुरुदास म्हणाला. "एक फोन येय नाय. बाईंनी सांगितल्यानी, फरमाईश नाय तर कार्यक्रम बंद. म्हणान… एक नाव लिवलंय. ता ऐकान लोक फोन करूक लागले."

"माजाच नाव कित्याक?"

"दुसरा आठवाकच नाय. आणि मसुऱ्यात आमचो रेडिओ लागणा नाय… म्हणान धीर झालो."

मला राग यायला हवा होता. आली ती लाज… आणि लाज आली म्हणून राग आला.

"बाईंक ह्या कळला तर माजी नोकरी गेली," तो हळूच म्हणाला. "तरी तू खरा ताच लिव. तुझ्या नावार खोटा पुरे झाला."

कार्यक्रमाची वेळ झाली. तो काचेपलीकडे जाऊन बसला. मी बाहेरच्या बाकावरून फोन लावला.

"नमस्कार! आपलं नाव?"

"समीक्षा, मसुरे. हा माझा पहिलाच फोन. आधीचे चौदा तुम्हीच लिहिलेत… माझी तक्रार नाही."

काचेपलीकडे त्याने आ वासला तो तसाच. आनंदीबाई खोलीतून धावत बाहेर आल्या.

"फ… फरमाईश कोणती?"

"गाणं नको. सूचना द्यायचीय." मी बाकावरून उठून उभी राहिले. "मालवणचा गुरुदास, असशील तिथून सोमवारी मसुऱ्याला ये. माझे बाबा वाट बघतायत."

आनंदीबाईंनी मला पाहिलं, त्याला पाहिलं, आणि काचेवर थाप मारली. "अरे, उत्तर दी मरे! नोकरीचा मगे बघू… सगळा मालवण ऐकता!"

तो माईकजवळ वाकला. कान लालबुंद.

"येतंय," तो म्हणाला. "पण ह्या वेळाक बापाशीक घट्ट धरून ठेव."