गप्प झालेलं बेट

पाणी उतरतंय. बुडालेल्या गावातल्या एका भिंतीचं टोक वर आलंय.

"हलू नको रेश्मे, काहील गिरकी घेती," अजिनाथ म्हणाला.

गूळ शिजवायची जुनी लोखंडी काहील. घरचं गुऱ्हाळ बंद पडलं, तेव्हापासून हीच त्यांची होडी. फळीनं वल्हवणारा अजिनाथ, समोर त्याची धाकटी बहीण रेश्मा आणि काठ घट्ट धरून बसलेली त्यांची आतेबहीण सोनम. ती सोलापुरातून सुट्टीला मामाकडे आली होती.

उजनी धरणाच्या फुगवट्यातलं ते बेट म्हणजे सोनमचा जीव की प्राण. वर चिलारीचं काटेरी रान. खाली पाण्यात घरांच्या पडक्या भिंती आणि दगडांच्या सांदीत माशांची पिलं. काठाच्या रेतीत नदीसुरय पक्ष्यांची घरटी. घरटी कसली, नुसते खळगे. मागच्या मे महिन्यात पाय ठेवायच्या आत सुरयांनी डोक्यावर झडप घातली होती. म्हणून आज तिनं आधीच टॉवेल गुंडाळला होता.

काहील रेतीला लागली.

कुणी झडप घातली नाही. कुणी ओरडलंही नाही.

"पाखरं झोपलीत का, ताई?" रेश्मानं सोनमला विचारलं.

"भर उन्हात?"

खळगे रिकामे. टरफलं फुटलेली, काही अजून ओली. रेतीवर पावलांचे ठसे होते, पण एकमेकांत मिसळलेले. टोकाला एकच मादी बसली होती. ती उडाली तेव्हा खाली दोन अंडी दिसली. एकाला तडा गेला होता आणि त्यातून आतली चोच हळूहळू ठोकत होती.

"कुणीतरी अंडी पळवतंय," सोनम म्हणाली. "उद्या ही पण जातील."

"हितं यायला काहील लागती," रेश्मा म्हणाली. "आन् काहील गावात एकच हाय. आपल्या दादाची."

"मी खाल्ली व्हय गं अंडी?"



पाणी उतरतंय. भिंतीतली खिडकी दिसतेय. आत अंधार.

दिवस मावळायला आला. तिघं चिलारीआड काहिलीला टेकून बसली. वारा पडलेला. अंड्यातली टकटक ऐकू यावी इतकं शांत.

"ताई." रेश्मानं तिचा हात दाबला. "ते बघ."

गावाकडच्या काठावरून काहीतरी येत होतं. एकामागून एक, रांगेत. होडी नव्हती. पोहतही नव्हतं कुणी.

कुत्री.

पाण्यावरून चालत येत होती.

पुढचं कुत्रं रेतीवर आलं, नाक खाली घालून थेट त्या शेवटच्या खळग्याकडे. मग थांबलं. त्याला मुलांचा वास आला होता. त्यानं मान वर केली, ओठ मागे ओढले. मागची सगळी थांबली.

आणि सोनमनं काहील पालथी पाडली, फळी उचलली आणि हाणली.

धाडकन! लोखंड असं दणाणलं की बेट हादरलं. मग अजिनाथनं दगड घेतला, रेश्मानं चप्पल. कुत्री मागे वळली आणि आली त्याच वाटेनं, पाण्यावरूनच, पळाली. मादी घिरट्या घालून पुन्हा अंड्यांवर बसली.

त्या वाटेवर सोनमनं फळी खुपसली. बोटभर पाणी, खाली गाळ. पाण्याखाली एक लांबच लांब बांध होता, थेट काठापर्यंत.

काठावर मामाची पाणी उपसायची मोटार होती.

उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, मोटारी कोरड्या पडतात. मग शेतकरी गाळात चर खोदून पाणी मोटारीपाशी आणतात. त्याला चारी म्हणतात. सयाजीमामानंही खोदली होती, आणि निघालेला गाळ शेजारी पाण्यातच लोटला होता. त्याचाच हा बांध झाला होता.

"चारी नसती तर केळी वाळली असती, सोने," रात्री घरी मामा म्हणाला.

"चारी राहू दे. गाळ तेवढा काढा."

"कोन नेतंय त्यो? माझ्याकडं मशिनीला पैसं न्हाईत." मामानं कूस वळवली.

कोण नेतंय? सोनम अंथरुणात त्याच प्रश्नाशी जागी राहिली. मग तिनं अजिनाथला हलवलं.

सकाळी देवळाच्या भोंग्यावर रेश्माचा आवाज आला. "सयाजीरावांच्या चारीचा गाळ फुकट मिळंल. आदी येईल त्याला. काठाकडनं उचलायचा."

मामाचा चहा संपायच्या आत ट्रॅक्टर लागले. रानात टाकायला असला काळा गाळ कुणाला नको असतो? डाळिंबवाले आपलं मशीनच घेऊन आले. मामा धावला, पण जो तो त्याचाच हात हातात घेत होता. "सयाजीराव, मन लई मोठं हाय तुमचं."

नाही म्हणायची सोयच उरली नाही.

पाणी उतरतंय. भिंतीखाली उंबरा दिसतोय.

संध्याकाळी काठाकडचा बांध गेला होता. तिथं आता रुंद, खोल पाणी होतं. मामा आणि मुलं काठावर मोटारीपाशी थांबली होती. कुत्री आली. बुडालेली वाट हुंगत उभी राहिली.

"कुत्र्यांना पोहता येतं की," रेश्मा पुटपुटली.

पुढच्यानं उडी घेतलीच. पाण्यावर नुसतं डोकं, हळूहळू बेटाकडे सरकणारं. बेटावरून एक सुरय उठला. कुठून कोण जाणे, आणखी तीन आले. आणि पाण्यातल्या त्या डोक्यावर चोचींचा मारा सुरू झाला. चालत येणाऱ्या टोळीपुढे त्यांचं काही चाललं नव्हतं. पोहणाऱ्या एकट्यापुढे चाललं. कुत्रं केकाटत माघारी फिरलं.

मामा मुलांकडे वळला. "माझ्या नावानं माझाच गाळ वाटला," तो म्हणाला. "लई हुशार हायसा. शाबास." मग सोनमसमोर हात पसरला. "त्यो टावेल दे. पानी उतरतंय. सकाळी पयलं मी जाऊन बघतो, वाट परत वर आली का."

कुत्री काठावर बसली होती. गेली नव्हती.

बेटावरून एक बारीक, नवाच आवाज आला.