सोनढावचा मुका शंख

शंख खाली आणायचा आणि कुंडलच्या वसाहतीत सगळ्या गावासमोर एकदा वाजवून दाखवायचा, एवढ्यासाठीच अडुसष्टाव्या वर्षी लालासाहेब हवालदार पुन्हा सोनढावच्या डोंगराला भिडले. सोबत धाकटा भाऊ आकाराम आणि परवानगीचा कागद घेऊन वनरक्षक मयूरी.

अभयारण्यासाठी सोनढाव उठलं त्याला सत्तावीस वर्षं झाली. शंख तीनदा वाजल्याशिवाय देव जागचा हलवायचा नाही, ही गावची रीत आणि वाजवायचा मान लालासाहेबांच्या घराचा. निघायच्या दिवशी लालासाहेबांनी फुंकलं. शंख वाजला नाही! पुन्हा फुंकलं, गालफडं फुटायची वेळ आली; पण आवाज नाही तो नाहीच. देवाच्या शंखात डोकावून कोण बघणार? 'देवानं याला नाकारलं,' गाव म्हणालं. देव तिथंच राहिला, शंखही राहिला. निम्मं गाव कुंडलला आलं, निम्मं रुसून मलकापूरकडे गेलं. पलटणीत बिगूल वाजवलेल्या माणसाला जो तो 'मुका हवालदार' म्हणू लागला. बायको गोदावरी नळावर ते टोमणे ऐकत ऐकतच गेली.

दसऱ्याआधीचे दिवस. ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं. हातात हात गुंफून तिघं पार झाले आणि पोटऱ्यांवरच्या जळवा खुडत चढणीला लागले.

"काका, तुमचा शंख म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं घर," मयूरी म्हणाली. "आणि ती साधीसुधी नव्हे, शिकारी! काटेरी तारामासा वासावर हुडकते आणि जिवंत खाते."

पणजोबांनी आफ्रिकेच्या लढाईवरून आणलेला तो हातभर शंख, अंगावर तित्तिराच्या पिसांसारखी नक्षी असलेला, लालासाहेबांच्या डोळ्यांपुढे आला. ते हसले. "गोगलगाय आन् पोटात पाय! म्हंजी आमच्या आकारामवानीच की."

आकाराम हसला नाही.

खिंडीत कारवीची झुडपं कडाडली. गवा! दहा पावलांवर! "हलू नका!" मयूरी कुजबुजली. तिघं खडकाला चिकटले. गव्यानं फुत्कार टाकला, मान हलवली आणि तो उतारानं निघून गेला. श्वास खाली बसतो न बसतो तोच आकाराम उठला.

"दादा, मी म्होरं जातो. दिवाबत्ती करून ठेवतो."

"आरं, धुकं उतरतंय. संगं चल."

पण तो गेलासुद्धा. सकाळपासून त्याची हीच घाई चालली होती.

बघता बघता धुक्यानं सगळं गिळलं. चाचपडत दोघं देवळापाशी पोचले. छप्पर पडलेलं, देवावर शेवाळ, कोनाड्यात शंख. दिवा मात्र नव्हता आणि आकारामही नव्हता! डावीकडे पन्नास पावलांवर कडा. मयूरीनं शिट्टी फुंकली, हाका मारल्या. वाऱ्यानं सगळं खाऊन टाकलं. वायरलेस नुसता खरखरला. अंधार पडायला दीड तास उरला होता.

"काका, शंख!"

लालासाहेबांनी शंख ओठाला लावला. फुंकलं. काही नाही! तीच नामुष्की, तीच जागा. मयूरीनं शंख हिसकावून त्यात बॅटरी मारली.

"आत काहीतरी बसलंय!"

छत्रीची काडी मोडून तिनं पूजेला आणलेल्या कापरावर तापवली आणि आत खुपसली. अंगठ्याएवढा काळा बोळा दगडावर पडला. त्याला मधाचा वास येत होता.

मेण! सोनढावात मधाची पोळी उतरवणारा माणूस एकच होता. मेण असायचं ते एकाच घरात, आकारामच्या.

मयूरीनं शंख लालासाहेबांपुढे ठेवला.

"काका, फुंका! माणूस कड्याला आहे!"

मरू दे, असं त्यांच्या मनात आलं. खरंच आलं. गोदावरीचा चेहरा आठवला आणि पुन्हा तेच आलं. मग त्यांनी शंख उचलला.

डोंगर दणाणला! एकदा, दोनदा, तीनदा! ओठ फुटले, तोंडात रक्त आलं, छातीत कळ आली. तरी ते फुंकत राहिले. शेवटी खालून क्षीण हाक आली, "दादाऽ!"

"आवाजानं ये! पाय बघून टाक!"

बऱ्याच वेळानं आकाराम रांगतच धुक्यातून वर आला. घोटा सुजून टम्म झाला होता. दगडावरचं मेण त्याला दिसलं आणि तो तिथंच थांबला.

"तूच?"

"व्हय." आकारामनं मान खाली घातली. "शंख न्हाई वाजला तर गाव उठायचं न्हाई, असं वाटलं. माजी भाताची खाचरं ऱ्हातील. तुला नाव पडंल, ह्ये ध्यानातच न्हाई आलं."

"आन् त्या म्होरली सत्तावीस वर्सं?"

आकाराम सुजलेला घोटा चोळू लागला.

"आज बोळा काडायला म्होरं पळालास. म्हंजी मला कवाच कळू नये."

"काका, उशीर होतोय," मयूरी म्हणाली. "शंख घ्या, निघू या."

लालासाहेबांनी शंखावरून हात फिरवला. खाली नेला, तर वाजणार. वाजला, तर गाव विचारणार, तेव्हा का नाही वाजला? खोटं त्यांना सांगता आलं नसतं आणि खरं कळल्यावर गावानं आकारामला जितं सोडलं नसतं. त्याची नात पूजा मलकापूरकडच्या सोनढावकरांतच दिलेली, पदरात दोन लेकरं. त्यांनी ओठाचं रक्त पुसलं आणि शंख परत कोनाड्यात ठेवला.

"दादा, गावाला काय सांगायचं?"

"सांग, मुका हवालदार पुन्यांदा फुसका निघाला."

आकारामला खांद्यावर टेकू देत त्यांनी डोंगर उतरवला, ओढा ओलांडवला. जीपमध्ये आकाराम लहान पोरासारखा रडू लागला. रडता रडता त्यानं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

लालासाहेबांनी तो हात हळूच उचलला आणि त्याच्याच मांडीवर परत ठेवला.